कासवाची प्रदक्षिणा

"मामा, हे कासव येडं आहे."

तिसरीतली माझी भाची लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिचा आवाज कामगारांना कंटाळलेल्या मुकादमासारखा लागला होता. पडद्यावर एक एवढंसं कासव. त्याला हुकूम सोडायचा, ते चालतं, आणि चालता चालता मागे रेघ सोडत जातं. 'पुढे १००' म्हटलं की शंभर पावलं पुढे. 'उजवीकडे ९०' म्हटलं की जागच्या जागी काटकोनात वळतं. एवढ्या दोन गोष्टी आल्या की खेळायला सुरुवात. चौकोन तिने पाच मिनिटांत काढला होता: पुढे १००, उजवीकडे ९०, असं चारदा. मग त्रिकोणाची पाळी आली. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो, ही मौलिक माहिती शेजारच्या सहावीतल्या दादाने पुरवलेली. तेव्हा पुढे १००, उजवीकडे ६०, असं तीनदा. आणि कासवाने काढलं काय? कलंडून उपडी पडलेली पाटी! तीन बाजू काढल्या खऱ्या, पण तिसरीचं टोक पहिलीला भेटायलाच आलं नाही.

"मी साठच सांगितलं होतं," भाची म्हणाली. आणि ते खरंच होतं.

मग चुकलं कोण? दादा तर बरोबर आहे. तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठच असतो, पुस्तकात छापलेलं आहे. कासवाने सांगितलं तेवढंच केलं. आणि तरीही पाटी उपडी. पुढे वाचायच्या आधी एक करा. खुर्चीतून उठा, घरात फरशीवर एक त्रिकोण चालून बघा. खरंच उठा. बसल्या जागी हे समजत नाही, हीच तर यातली गंमत आहे.

भाचीने तेच केलं. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत सरळ गेली, तिथे थांबली आणि जेवणाच्या टेबलाकडे वळायला लागली. वळली, अजून वळली, आणि म्हणाली, "अरे, इथे तर जवळजवळ परतच फिरावं लागतंय!"

हेच ते. त्रिकोणाच्या टोकाशी आलेलं कासव वळलंच नाही, तर ते सरळ नाकासमोर निघून जाईल. आतला कोन साठ अंशांचा चिंचोळा हवा असेल, तर त्याला १८० वजा ६०, म्हणजे तब्बल १२० अंश वळावं लागेल. पुस्तकातला कोन हा बाहेर उभं राहून बघणाऱ्याचा कोन आहे, आणि कासवाचा कोन चालणाऱ्याचा. चौकोनात ही फसवणूक कळत नाही, कारण १८० मधून ९० गेले तरी उरतात ९०च. चौकोन मोठा कपटी गुरू आहे! तो तुम्हाला बरोबर उत्तर चुकीच्या कारणासाठी देतो आणि शाबासकीही देतो.

आणि ती उपडी पाटी? तिच्याकडे परत बघा. भाचीने रागारागाने तोच हुकूम आणखी तीनदा सोडला, तर पडद्यावर सुबक षट्कोन तयार झाला. मधमाशांच्या पोळ्यातलं एक घर! म्हणजे तिची चूक ही चूक नव्हतीच, ते दुसऱ्या एका बरोबर चित्राचं अर्धं अंग होतं. वहीत चुकलेल्या उत्तरावर लाल फुली बसते आणि विषय संपतो. इथे चूक स्वतः उठून सांगते की मी कोण आहे.

आता जरा हिशोब करा. चौकोनात कासव चार वेळा ९० वळलं: ३६०. त्रिकोणात तीन वेळा १२०: ३६०. षट्कोनात सहा वेळा ६०: पुन्हा ३६०. हा काय योगायोग? मुळीच नाही, आणि याचं कारण तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही देवळात प्रदक्षिणा घालता. गाभारा चौकोनी असो, अष्टकोनी असो, की एखाद्या जुन्या देवळासारखा चांदणीच्या आकाराचा खाचाखोचांचा असो, प्रदक्षिणा पुरी करून तुम्ही पुन्हा देवासमोर तसेच तोंड करून उभे राहता. म्हणजे वाटेत कितीही कोपरे आले, डावी-उजवी वळणं झाली, तरी एकूण जमाखर्चात तुम्ही स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतलेली असते. एक गिरकी म्हणजे ३६० अंश. गाभाऱ्याभोवती फिरायला जागा नसेल तेव्हा आपण काय करतो? जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो आणि त्यालाही प्रदक्षिणाच म्हणतो. भूमितीच्या हिशोबात ते अगदी चोख आहे! चाललेलं अंतर शून्य, वळणाची बेरीज तीच. आणि देवळात शिरताना, देवाच्या पुढ्यात फरशीवर कोण बसलेलं असतं? कासवच.

हा शेवटचा भाग मात्र निव्वळ योगायोग आहे. कारण पडद्यावरचं हे कासव कुठल्या देवळातून नव्हे, तर ब्रिस्टल शहरातून आलं.

ग्रे वॉल्टर नावाचे एक मेंदूतज्ज्ञ तिथे होते. दुसरं महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी चाकांवर चालणारी दोन यंत्रं बनवली आणि त्यांना नावं दिली एल्मर आणि एल्सी. पाठीवर कवच, म्हणून कासवं. त्यांच्या 'मेंदूत' जेमतेम दोन निर्वात नळ्या होत्या, म्हणजे त्या काळच्या साध्या रेडिओपेक्षाही कमी सामान! तेवढ्यावर ही कासवं उजेडाच्या दिशेने सरकायची, अडखळली की वाट बदलायची, आणि बॅटरी उतरली की आपल्या खोपट्यात परतून चार्ज व्हायची. वॉल्टर यांना बघायचं होतं की जिवंत वाटेल असं वागायला किती थोडं पुरतं.

या कासवांचं नाव पुढे उचललं ते सीमोर पॅपर्ट यांनी. जन्म १९२८ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. लहानपणी त्यांना गाड्यांच्या गियरांचं अफाट वेड होतं. दातेरी चाकं मनात फिरवत बसायची आणि त्या चाकांवरच गुणाकार, समीकरणं समजून घ्यायची. पुढे हा मुलगा गणिती झाला, जिनिव्हात जाऊन ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम करत राहिला. मुलं विचार कसा करतात हे मुलांकडेच बघून शोधायचं, हा पियाजे यांचा आयुष्यभराचा उद्योग. तिथून पॅपर्ट अमेरिकेत एमआयटीत आले आणि त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला. मला जशी दातेरी चाकं मिळाली, तशी प्रत्येक मुलाला मिळावीत कशी? चाकं तर सगळ्यांना आवडत नाहीत. मग असं एखादं यंत्र आहे का, जे ज्याला हवं ते होऊ शकेल?

होतं. फक्त ते खोलीएवढं होतं. १९६७ साली पॅपर्ट, वॉली फॉर्झीग, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या साथीदारांनी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली, आणि ती कोणासाठी? शाळकरी मुलांसाठी. त्या वर्षी संगणक म्हणजे बँका, विद्यापीठं, लष्कर यांची मिरास. त्यांना खरंच सुचलं कसं हे? पडदाही नव्हता. मुलं खडखडणाऱ्या टेलिटाइपवर हुकूम टंकायची आणि उत्तर कागदावर छापून यायचं. कासव आलं ते दोन-तीन वर्षांनी, आणि तेही आधी खरंखुरं: जमिनीवर चालणारा, वायरने संगणकाला बांधलेला एक घुमट, पोटात पेन. मुलं फरशीवर मोठा कागद अंथरायची आणि त्याला चालवायची. पडद्यावरचं कासव म्हणजे त्याची पुढची पिढी.

आता या खेळाचं खरं मर्म कुठे आहे, ते सांगतो. कोणाला फोनवरून पुरणपोळी शिकवून बघा. "पुरण शिजेपर्यंत शिजव." म्हणजे किती? "कळतं गं ते." कणीक किती सैल? "आपली नेहमीसारखी." आपला सगळा संसार असा अंदाजपंचे चालतो, आणि चालतो कारण समोरच्याला अंदाज असतो. कासवाला अंदाज नावाची चीज नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात असा माणूस कधी आलेलाच नसतो, ज्याला आपल्या मनातलं काहीच कळत नाही. आई अर्ध्या वाक्यात ओळखते, बाई खुणेवरून ओळखतात. कासव ओळखत नाही! मग मुलाला स्वतःच्या डोक्यात शिरावं लागतं, तिथे जे धूसर आहे ते बाहेर काढून एकेक पायरी करून मांडावं लागतं. विचार ही दिसणारी वस्तू नव्हे. पण इथे ती पडद्यावर रेघ होऊन समोर येते, आणि जिथे विचार तुटला नेमकी तिथेच रेघही तुटते.

त्यातून कासवाला नवे शब्दही शिकवता येतात. चौकोनाचे आठ हुकूम एकत्र बांधून त्यांना 'चौकोन' असं नाव द्यायचं. पुढच्या वेळी नुसतं 'चौकोन' म्हटलं की ते काढतं. मग 'त्रिकोण' शिकवायचा. आणि मग 'घर': खाली चौकोन, वर त्रिकोणाचं छप्पर. सोपं आहे ना? जगभरच्या मुलांनी हे घर काढलंय आणि बहुतेकांचं पहिल्या झटक्यात छप्पर कोसळून घराच्या आत पडलंय! चौकोन बरोबर, त्रिकोणही बरोबर, पण चौकोन संपल्यावर कासव कुठे उभं आहे आणि कुठे बघतंय, याचा विचारच कोणी केलेला नसतो. दोन भाग निर्दोष असून सांध्यात घोटाळा. घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारा, लग्नघरातल्या यजमानाला विचारा, घोटाळे असेच सांध्यात असतात. हे आठव्या वर्षी कळणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

तर हे झालं कासव. त्याला खेळ म्हणावं की नाही यावर वाद घालणारे घालतील. पण ज्याच्या खेळपणाबद्दल शंकाच नाही असाही एक नमुना आहे आणि माझा त्याच्यावर जास्तच जीव आहे. १९९६ साली अमेरिकेत 'द लॉजिकल जर्नी ऑफ द झूम्बिनीज' नावाचा संगणकखेळ आला. केंब्रिज गावातली टर्क ही गणित-विज्ञान शिक्षणावर काम करणारी संस्था. तिथल्या ख्रिस हॅन्कॉक आणि स्कॉट ऑस्टरवाइल यांनी तो रचला.

झूम्बिनी म्हणजे इवलेसे निळे जीव. त्यांच्या बेटाचा दुष्टांनी कब्जा घेतलाय आणि त्यांना नव्या गावी पोचवायचंय, सोळा-सोळांच्या जथ्याने. प्रत्येक झूम्बिनी तुम्ही घडवायचा. केसांचे पाच प्रकार, डोळ्यांचे पाच, नाकाचे पाच रंग, पायांचे पाच प्रकार. टोपीवाला, एकाक्ष, लाल नाकाचा, पायाला स्प्रिंग लावलेला, असा एक. गॉगलवाला, चाकांवर पळणारा, असा दुसरा. किती निरनिराळे होतील? पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे ६२५. एकाही मुलाला वाटत नाही की आपण इथे गणित करतोय. त्याला वाटतं, आपण बाहुल्या सजवतोय.

वाटेत एक दरी लागते. तिच्यावर दोन पूल, वरचा आणि खालचा, आणि प्रत्येक पुलाखाली दगडी चेहऱ्याचा एक कडा. या कड्यांना ॲलर्जी आहे! कोणाची, ते सांगत नाहीत. चुकीचा झूम्बिनी पुलावर गेला की कडा जोरात शिंकतो आणि बिचारा उडून परत येतो. आपल्याकडे कामात माशी शिंकते, इथे कडाच शिंकतो. प्रत्येक शिंकेला पूल धरून ठेवलेली एक खुंटी निसटते. सगळ्या खुंट्या गेल्या की पूल गेले, आणि उरलेले झूम्बिनी मागेच राहिले.

समजा, वरच्या पुलाने टोपीवाला, एकाक्ष, लाल नाकाचा, स्प्रिंगवाला जाऊ दिला. काय कळलं? टोपी चालली म्हणून? की लाल नाक? की स्प्रिंग? चार संशयित आहेत. आता पुढे कोणाला पाठवाल?

पहिल्यांदा खेळणारं मूल कोणालाही पाठवतं. नशिबाने दोन-चार जातात, मग शिंका सुरू होतात. हरलं की पुन्हा खेळतं, पुन्हा हरतं. आणि असंच कधीतरी, कोणी न सांगता, त्याचा हात घुटमळतो. ते जथ्यावर नजर फिरवून एकाला शोधायला लागतं: टोपी तीच, डोळा तोच, स्प्रिंगही तीच, फक्त नाक हिरवं. त्याला पाठवतं. कडा शिंकला! बाकी सगळं जसंच्या तसं होतं, बदललं ते फक्त नाक. म्हणजे भांडण नाकाशी आहे.

एकदा या क्षणापाशी थांबू या. शेजारी शेजारी दोन वाफे घ्यायचे, बी तेच, पाणी तेवढंच, ऊन सारखं, फक्त एकाला खत द्यायचं आणि फरक बघायचा, ही रीत माणसाच्या हाती लागून विज्ञान उभं राहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. औषधाची चाचणी असो की बियाणाची, पाया हाच. पियाजे यांच्या मते ही पद्धतशीर रीत मुलांना साधते ती अकरा-बारा वर्षांच्या पुढे. आणि इथे एक आठ वर्षांचं पोर शिंकणाऱ्या डोंगराशी तोच प्रयोग करतंय, नाव माहीत नसताना! शिवाय त्याला आणखी एक चमत्कारिक गोष्ट उमगलेली असते. ती शिंक म्हणजे नुकसान नव्हे, शिंक म्हणजे बातमी. कधीकधी तर झूम्बिनी बिनबोभाट पलीकडे गेला त्यापेक्षा शिंकेतूनच जास्त कळतं. काही मुलं मुद्दाम एक खुंटी खर्चतात, माहिती विकत घेतल्यासारखी. मोठमोठ्यांना हा व्यवहार जमत नाही.

पुढच्या एका मुक्कामावर आर्नो नावाचा एक राक्षस पिझ्झासाठी अडून बसलेला असतो. त्याला कशाकशाचा थर हवा ते तो बोलत नाही, फक्त 'अजून काहीतरी हवं' एवढं सुचवतो किंवा नावडती वस्तू दिसली की पिझ्झा भिरकावतो. तिथेही एकेक जिन्नस घालून बघणारा जिंकतो. आणि मूल जिंकत गेलं की खेळ मुकाट्याने कठीण होत जातो. कड्यांना मग एकाऐवजी दोन-दोन गोष्टींची ॲलर्जी व्हायला लागते.

इथवर वाचून तुमच्यातल्या एखाद्या आजीने चष्म्यावरून बघितलं असेल. "सगळं खरं, पण म्हणून काय मुलांच्या हाती दिवसभर मोबाइल द्यायचा? खेळात हुशार झालं, म्हणून अभ्यासात होईल कशावरून?"

आजी, तुमचा प्रश्न लाखमोलाचा आहे, आणि तो १९८४ सालीही विचारला गेला होता. लोगोची हवा तेव्हा जोरात होती. पॅपर्ट यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक १९८० मध्ये आलेलं, शाळाशाळांत कासवं सरपटू लागलेली. न्यू यॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो शिकलेली मुलं घेतली आणि त्यांना संगणकाबाहेरचं एक काम दिलं. वर्गातली कामं उरकायची आहेत, झाडांना पाणी, फळा पुसणं वगैरे, तर कमीत कमी फेऱ्यांत ती कशी कराल? वर्षभर कासवाला आखीव हुकूम देणारी ही मुलं इथे तरबेज निघावीत ना? निघाली नाहीत. लोगो न शिकलेल्या मुलांइतकीच होती.

धक्काच होता तो. कासवाने शिकवलेली शिस्त पडद्यावरच राहिली होती, वर्गात उतरलीच नव्हती. आणि मला हे निष्कर्ष कासवाच्या कौतुकाइतकेच रोचक वाटतात, कारण पुढे काय झालं बघा. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी विचार केला: मुलांना कासव दिलं, पण चूक शोधायची कशी हे त्यांना कोणी शिकवलं का? की आपण गृहीतच धरलं की ते आपोआप येईल? मग त्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना ते मुद्दाम, पायरीपायरीने शिकवलं. आधी हवं काय होतं आणि आलं काय, ते शेजारी ठेवा. नेमका फरक शब्दांत सांगा. अशा फरकामागे कोणत्या प्रकारची चूक असेल, त्याचा तर्क करा. ती कुठल्या भागात लपली असेल ते हेरा आणि फक्त तिथेच बघा, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. दुरुस्त करा, पुन्हा चालवून बघा.

मग परीक्षा घेतली ती संगणक बाजूला ठेवून. कागदावर लिहिलेल्या सूचना दिल्या, कुठे सामान मांडायच्या, कुठे नकाशावरून वाट दाखवणाऱ्या, आणि त्यांत चुका पेरलेल्या. यावेळी मुलं खरोखर सुधारली होती! कासव तेच, भाषा तीच. मुख्य फरक होता तो हा: यावेळी कोणीतरी विचाराला नाव दिलं होतं.

२०११ साली कॅलिफोर्नियातल्या ॲलिसन मॅकी, सिल्व्हिया बंज आणि सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही असाच एक चटका आहे. सात ते दहा वर्षांच्या मुलांचे दोन गट. आठ आठवडे शाळेनंतर दोघांनाही खेळायला दिलं, काही संगणकावरचे खेळ, काही पटावरचे. एका गटाचे खेळ डोकं लढवायला लावणारे, दुसऱ्याचे झटपट हात चालवायला लावणारे. शेवटी पहिल्या गटाची तर्कशक्ती वाढलेली दिसली, दुसऱ्याचा वेग वाढलेला दिसला, आणि उलट काही झालं नाही. जोंधळा पेरला तर जोंधळाच उगवला. तेव्हा 'कॉम्प्युटर गेममुळे बुद्धी वाढते का' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. 'पुस्तकं वाचून शहाणपण येतं का' असं विचारण्यासारखं ते आहे. कुठलं पुस्तक? आणि मिटल्यावर त्याबद्दल कोणाशी बोललात?

दुकानात 'ब्रेन गेम' म्हणून विकले जाणारे पुष्कळसे खेळ मी चाळून बघितले आहेत. बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीला भोंगा, मग पुढचा प्रश्न. ते पाढ्यांच्या वहीला नेसवलेलं जरीचं लुगडं आहे. चूक झाल्यावर खेळ काय करतो, एवढं बघितलं तरी खेळाची जात कळते. भोंगा वाजवतो, की मुलाला पाटी कलंडलेली दाखवतो?

आपल्याकडेही कासव येऊन गेलंय, बरं का. रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीवजा गावात एका खोलीची शाळा होती. २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे, मुलांच्या हाताला झेपतील असे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा आले ते याच शाळेत. त्या प्रकल्पाच्या मुळाशीही पॅपर्ट यांचेच विचार होते, आणि त्या लॅपटॉपच्या सामानात कासवाचा चित्रखेळही असे. मुंबईच्या आयआयटीतल्या संगणकशास्त्र विभागाने शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकं तयार केली, तीही बघण्यासारखी आहेत. तेजस, ज्योती आणि मोझ नावाचा उंदीर अशी मंडळी त्यांत गप्पा मारत मारत संगणक शिकतात, आणि यंत्राच्या कळांइतकीच त्यांची नजर विचाराच्या पायऱ्यांवर असते. कासवाची सख्खी नात म्हणावी अशी 'स्क्रॅच' ही २००७ सालची भाषा, एमआयटीतलीच, आज असंख्य शाळांत आहे. तिथे हुकूम टंकावे लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे, आणि कासवाच्या जागी नारिंगी मांजर.

माझ्या भाचीला मात्र कासवच हवं असतं. परवा तिने पाच टोकांची चांदणी काढली. दरवेळी १४४ अंश, पाच वेळा. बेरीज केली तर ७२०! "म्हणजे कासवाने दोन प्रदक्षिणा घातल्या," ती म्हणाली, आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

मग तिला सात बाजूंची आकृती हवी झाली. ३६० ला सातने भागायला बसली तर भाग जाईना. एक्कावन्न साते तीनशे सत्तावन्न, तीन उरले. तिने तरीही ५१ घातले आणि अर्थातच सातवी रेघ पहिलीला चिकटली नाही, केसभर फट राहिली. अपूर्णांक तिला अजून वर्षा-दोन वर्षांनी शिकवतील; त्यांची गरज आजच दारात येऊन उभी होती. मी ५१ पूर्णांक काहीतरी असं सुचवणार, तेवढ्यात तिने सातच्या जागी दोनशे टंकून टाकले.

कासव निघालं. दुसरा फेरा पहिल्याच्या जरासा बाजूने, तिसरा त्याच्या बाजूने. रेघांवर रेघा पडत गेल्या आणि बघता बघता पडद्यावर जाळीदार बांगडी विणली गेली. मग आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. बांगडी पुरी झाली होती. कासव आता नव्या रेघा काढतच नव्हतं, जुन्याच गिरवत होतं.

"पण सातने तर भाग जात नव्हता," भाची म्हणाली. "मग हे बंद कुठे झालं?"

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सोडलं आणि ती बोटांवर मोजायला लागली. एकशे वीस रेघा. बरोबर एकशे वीस. का, ते मला ठाऊक होतं असं वाटून मी पेन्सिल उचलली, कागदावर ५१ आणि ३६० लिहिले, आणि तिने माझ्या हातातून ती काढून घेतली.